त्रैक्याचा रविवार

“मंग देवाले उकळाव लागते का?” शकुननं विचारलं.

देवानंदच्या हातात पाण्याचा पेला होता. पाणी, बर्फ आणि वाफ. रूपं तीन, वस्तू एकच, हे तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बायकोला केव्हाचा समजावत होता.

“उकळाव नाई लागत. उदाहरन हाय ते.”

“बर्फ असते तवा पानी नसते, पानी असते तवा वाफ नसते. म्हंजे बाप घरी असला का पोरगा गायब. आपल्या घरासारखं.”

देवानंदनं पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि तो अंगणात जाऊन बसला.

रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून बडनेऱ्याच्या त्या लहानशा चर्चमध्ये बाकं पुसणं, घंटा वाजवणं, आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करणं ही कामं तो हौसेनं करी. उपदेश मात्र त्यानं कधी दिला नव्हता. पाळकसाहेब भाचीच्या लग्नाला जालन्याला निघाले आणि जाताजाता म्हणाले, “रविवारचं तुम्ही बघा.” हा हो म्हणून बसला. मग कळलं की तो त्रैक्याचा रविवार आहे. देव एकच, पण तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहे, हे मंडळीला समजावून सांगायचा दिवस. पाळकसाहेबांच्या नात्यात दरवर्षी नेमकं याच सुमारास कुणाचं तरी लग्न निघत असे.

संध्याकाळी शेजारचे खुशालराव आंबे घेऊन आले. पाटील माणूस, माळकरी नाहीत पण देवाधर्माच्या गोष्टीत रस भारी. अडचण ऐकून ते खुर्ची ओढून बसले.

“हे घे ना आंबा. साल, गर अन् कोय. तीन झाले का नाई? आंबा एक.”

देवानंदचा चेहरा उजळला. खुशालरावांनी आंबा चोखून संपवला, कोय कुंपणाबाहेर भिरकावली, साल बकरीपुढे टाकली आणि मग त्यांच्याच ध्यानात आलं. “अरे बाप्पा! हे नाई जमत. दोघं तं फेकून देल्ले आपन.”

“मंग?”

“बेलाचं पान घे. दळं तीन, पान एक.”

“ते महादेवाचं हाय, भाऊ.”

“मंग महादेव काय नाई म्हनते का? घे ना बिनधास्त!” थोडा विचार करून त्यांनी विचारलं, “पन तुमच्या देवाचं नाव काय हाय नेमकं? यहोवा म्हनता, परमेश्वर म्हनता, प्रभू म्हनता, येशू म्हनता.”

“याच्यावरच तं घर फुटलं माह्यं,” देवानंद म्हणाला.

ते खरं होतं. त्याचा एकुलता एक मुलगा अंकुर अकोल्याला मोबाइल टॉवरच्या कामावर होता. तिथं तो एका नव्या ख्रिस्ती पंथाच्या संगतीत जाऊ लागला. देवाला एकच नाव, येशू; तीन-बीन काही नाही, असं ती मंडळी शिकवत. अंकुरनं नदीवर जाऊन दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. गेल्या नाताळात जेवायला बसल्यावर देवानंदनं पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं प्रार्थना केली, तर पोरगा आमेन म्हणेना.

“बाबा, शास्त्रात ‘नावानं’ लिवलं हाय. ‘नावांनी’ नाई. म्हंजे नाव एकच.”

“मंग तुह्या लहानपनचा बाप्तिस्मा? माह्या हातात होता तू!”

“तो धरत नाई आमी.”

“धरत नाई?” देवानंद उठून उभा राहिला होता. “मी तुले धरून होतो, अन् तू म्हनतं धरत नाई?”

शकुन रस्सा वाढत म्हणाली होती, “देवाचं नाव मंग ठरवजा, पयले जेवून घ्या.” पण अंकुर ताटावरून उठला, बायकोला घेऊन निघून गेला. तेव्हापासून तो फक्त आईशी बोले. फोन देवानंदनं उचलला की कट.

रविवारी देवानंद कोटात घामाघूम होऊन उभा राहिला. जूनचं ऊन, पंखा नुसता आवाज करत होता. उपदेशाच्या मेजावर त्यानं शेवटी आंबाच ठेवला होता. दुसरं काही सुचलं नव्हतं. “हा आंबा,” त्यानं सुरुवात केली आणि समोर पाहिलं. शेवटच्या बाकावर अंकुर आणि सून रागिणी बसली होती. शकुन जमिनीकडे बघत होती. फोन तिनंच केला होता, हे उघड होतं.

देवानंदच्या हाताचा धक्का लागला. आंबा गडगडत खाली गेला.

“आंबा पडला!” पहिल्या बाकावरची बहिरी चंदाबाई मोठ्यांदा म्हणाली. मंडळी हसली. अंकुरही हसला, मग त्यानं तोंडावर हात ठेवला.

“जाऊ द्या तो,” देवानंद म्हणाला. “मले हे त्रैक्य समजावता येत नाई. आठवडाभर पाह्यलं करून. एकच गोष्ट सांगतो. आमचा अंकुर लहान होता तवा मेंदूत ताप गेला त्याच्या. इर्विन दवाखान्यात होतो. डाक्टर म्हने, प्रार्थना करा. मले प्रार्थना सुचेना. देवाचं एक नाव आठोना. व्हरांड्यात भिंतीले डोकं लावून नुसतं ‘बाबा, ओ बाबा’ म्हनत होतो. कोनाले तरी हाक मारत होतो. कोनीतरी बाजूले उभं हाय असं वाटत होतं. अन् ते शब्द तं माह्ये नव्हतेच, कोनी आतून बोलून राह्यलं होतं. ते तीन होते का एक, मी मोजलं नाई. मले माह्यं पोरगं वापस पाह्यजे होतं.”

तो थांबला. “झालं. उभे राहा, गीत म्हनू.”

उपासना संपल्यावर चर्चच्या दारात अंकुर आला. “बाबा, तुमी सांगतलं ते शास्त्राले धरून नाई.”

“नसन. जेवून जाशीन?”

जेवताना दोघांनीही प्रार्थनेसाठी तोंड उघडलं, पण शकुननं त्यांच्या आधी डोळे मिटले. “देवा, पोरगं जेवाले बसलं. आमेन.” सगळ्यांनी आमेन म्हटलं.

दुपारच्या गाडीनं ती दोघं परतली. ऊन उतरत असताना देवानंदचा फोन वाजला. नाव पाहून त्यानं तो शकुनपुढे धरला. “तुह्या लेकाचा हाय.”

“माह्यावर कायचा? तुमच्या फोनवर हाय.”

त्यानं जपून फोन कानाला लावला.

“बाबा, मूर्तिजापूर आलं. मी शास्त्र काढून बसलो हाय. तुमी जे आतून बोलनाऱ्याचं सांगतलं, त्याच्यात तुमची चूक कुठी हाय सांगतो. आयका.”

“सांग,” देवानंद म्हणाला.

अंकुर वचनामागून वचन वाचू लागला. देवानंद हं, हं करत राहिला. एकाही चुकीवर त्यानं वाद घातला नाही. गाडी हलली असावी. आवाज तुटत गेला आणि बंद झाला.

शकुन चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तो अंगणात तसाच उभा होता, फोन कानाला लावून.

“काय म्हने?”

देवानंदनं हातानं तिला गप्प राहायची खूण केली.