बटणांच्या गेटाआडची विहीर

आमच्या विहिरीवर जायला नंबर लागतो. हे मी ज्याला सांगते तो आधी हसतो आणि मग माझं तोंड बघून गप्प होतो.

उमेळ्याला आमची केळीची वाडी होती. माझ्या थोरल्या भावानं, ऑगस्टीनदादानं, ती सत्त्याण्णव साली बिल्डरला विकली. मुलींची शिक्षणं होती, केळीत काही उरत नव्हतं, मी त्याला दोष देत नाही. म्हणजे देते, पण त्यासाठी नाही. बिल्डरनं सगळी झाडं तोडली, तिथं चार मजले ऑफिसं बांधली आणि इमारतीला नाव दिलं ‘ऑर्चर्ड प्लाझा’. ज्याच्या मुळावर कुऱ्हाड घातली त्याचंच नाव वर लावायला अक्कल लागत नाही, नुसती जाड कातडी लागते.

विहीर तेवढी राहिली. सौद्यात दादानं एकच अट घातली होती. विहीर बुजवायची नाही, आणि घरात लग्न निघालं की पाणी आम्ही नेणार. आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लावून अख्खं गाव विहिरीवर जातं. घरच्या बायका कळशा भरून डोक्यावरून आणतात आणि सकाळी नवरीला त्या पाण्यानं आंघोळ घालतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. माझ्या आत्यांनी त्याच पाण्यानं आंघोळ केली, मीही केली. दोन हजार चारच्या मे महिन्यात दादाच्या मर्लिनचं लग्न ठरलं, तेव्हा तिनंही तेच धरून ठेवलं. ही मुलगी अंधेरीला कॉम्प्युटरवर काम करते, पण या एका बाबतीत आजीच्या वरताण. “दुसऱ्या पाण्यानं आंघोळ घातलीत तर मी अंग चोरून बसेन आणि पारोशी चर्चमध्ये जाईन,” असं तिनं सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. ती बोलल्याप्रमाणे करते, म्हणून मला धास्ती होती.

आदल्या वर्षी त्या इमारतीत चोरी झाली. दोन-तीन ऑफिसांतले कॉम्प्युटर गेले. मग तिथल्या कमिटीनं बाहेरच्या गेटावर बटणांची पेटी बसवली. पत्र्याची पेटी, पावसासाठी वर प्लॅस्टिकची टोपी. चार आकडे दाबले की कट् आवाज होऊन गेट सुटतं. कमिटीचे सेक्रेटरी जयवंत खानोलकर. पहिल्या मजल्यावर त्यांचं इन्कम टॅक्सचे कागद भरून देण्याचं ऑफिस. मी लग्नाची पत्रिका त्यांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवली. माणूस तोंडानं गोड. त्यांनी दादाला बोलावून नंबर दिला आणि म्हणाले, “काका, हा फक्त तुमच्यापाशी ठेवा हं.”

आता आमच्या गावात ‘फक्त तुमच्यापाशी’ अशी वस्तूच नसते. कोणाकडे पापलेटं आली हे शेजाऱ्याला तव्याच्या आधी कळतं. आणि लग्नाचं आमंत्रण तर आमच्याकडे सगळ्यांदेखत द्यायचं असतं, कानात सांगितलं तर लोक येत नाहीत. मे महिन्यात रोज संध्याकाळी गावच्या क्रुसापाशी जपमाळेची प्रार्थना असते. ती संपल्यावर दादा उभा राहिला. शनिवारी पाच वाजता पाण्याला सगळ्यांनी यायचं, असं त्यानं सांगितलं. “आणि कोणाला उशीर झाला, गेट बंद दिसलं, तर खोळंबू नका. चार-सात-एक-नऊ दाबा.” पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी प्रार्थनेच्या ओघातच म्हटलं, “चार, सात, एक, नऊ.” मी कपाळाला हात लावला.

मे महिना, गावात नळ एक दिवसाआड. पुढचं सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी शेजारची पुतळाबाई कुंपणापाशी येऊन म्हणाली, “ऑगस्टीन, तुझा नंबर बरा चालतो. दोन हंडे पानी आनलं मी.”

मी दादाला म्हटलं, हे अंगाशी येईल. तो हसला. “पाण्याला नाही म्हणायचं का, क्लेमेंटीन?” आमच्या बापानंही कोणाला कधी नाही म्हटलं नव्हतं. फक्त बापाच्या वेळी मधे गेट नव्हतं.

शनिवारी आम्ही निघालो. पुढे आग्नेलचा बँड, मागे कळशा घेतलेल्या आम्ही बायका, त्यामागे गाव. मर्लिन घरी, वाट बघत. दादानं नवा सदरा घातला होता. त्यानं पुढे होऊन आकडे दाबले. पेटीवर लाल दिवा लागला. त्यानं पुन्हा दाबले, पुन्हा लाल. गर्दीतल्या चौघांनी चार बाजूंनी आकडे ओरडून सांगितले, जणू तो विसरला होता. त्यानं परत दाबले तेव्हा पेटी पीं पीं करून ओरडायला लागली. आग्नेलला वाटलं गेट उघडलं, त्यानं दणक्यात नवं गाणं धरलं.

त्या गोंगाटात खानोलकर खाली आले. गेटाच्या आतच उभे राहिले.

“नंबर बदललाय, काका,” ते म्हणाले. “तुम्हाला एकट्याला दिला होता, तुम्ही गावभर वाटलात. परवा जिन्यात हंडे लावून बायका बसल्या होत्या. उद्या परत चोरी झाली तर लोक माझी मान धरतील.”

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. त्यामुळेच मला जास्त राग आला.

“बदलायचा तर बदला,” मी म्हटलं. “पण आज पाणी न्यायचंय हे तुम्हाला ठाऊक होतं. पत्रिका मी तुमच्या टेबलावर ठेवलीय. मग कळवलं का नाही?”

“मॅडम, कळवलं असतं तर ते परत क्रुसापाशी जाहीर झालं असतं.”

मागे कोणीतरी हसलं. आमचंच माणूस हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“असं करू,” खानोलकर म्हणाले. “बँड बाहेर राहू दे. पाच बायका आणि काका, एवढेच आत या. मी उघडतो.”

“सगळं गाव आत येईल,” मी म्हटलं, “नाहीतर आम्ही इथंच बसतो. तुमची ऑफिसं सुटायची वेळ झालीय. बघू कोण कसं बाहेर पडतं ते.” आणि मी कळशी गेटाला टेकवून बसायला लागले होते. पुतळाबाई माझ्या शेजारी बसलीही. तेवढ्यात दादा म्हणाला, “चालेल साहेब. पाच जणी.”

पाच जणी मोजून घ्यायला खानोलकर बाहेरच्या बाजूला आले. गेट त्यांच्या मागे बंद झालं, म्हणून त्यांनाही नंबर दाबावाच लागला. दादा अगदी पेटीजवळ उभा होता. त्यांनी त्याच्याकडे खांदा केला, डाव्या हाताचा पंजा बटणांवर आडवा धरला आणि त्या आडून आकडे दाबले. माझ्या भावापासून लपवून. आणि दादानं काय करावं? चुकून परक्याच्या न्हाणीघरात नजर गेल्यासारखी मान फिरवली आणि रस्त्याकडे बघत राहिला. त्या जागी पूर्वी आमच्या वाडीचं बांबूचं फाटक होतं. ते गुरांसाठी होतं, माणसांसाठी नव्हतं.

आत विहिरीभोवती स्कूटरी लावलेल्या. काठावर सिगारेटची थोटकं. मी ती हातानं झाडली. पाणी तेवढं तसंच होतं, गार आणि तळ दिसेल असं. आम्ही कळशा भरल्या, गाणं न म्हणता भरल्या, कारण गाणाऱ्या बायका बाहेर राहिल्या होत्या. खानोलकर घड्याळ बघत उभे होते.

निघताना दादानं त्यांच्यापुढे हात जोडले. “उपकार झाले साहेब,” तो म्हणाला. “पोरीचं लग्न पार पडेल तुमच्यामुळे.”

मी तोंड उघडलं असतं तर आदल्या दिवशी फादरांपुढे पापं सांगून केलेलं कन्फेशन फुकट गेलं असतं. मागे कट् करून गेट लागलं. आग्नेलनं परत बँड सुरू केला, गाव परत चालायला लागलं. मर्लिनला तिचं पाणी मिळणार होतं, एवढ्यावर मी स्वतःला समजावत होते. थोडं पुढे गेल्यावर दादा माझ्या बाजूला आला. त्याची धाकटी, विनी, आमच्या पुढेच चालत होती.

तो हळूच म्हणाला, “क्लेमेंटीन, विनीच्या वेळी आपण नळाचंच घेऊ. उगाच लोकांना त्रास नको.”

माझ्या डोक्यावर भरलेली कळशी होती म्हणून मला वळता आलं नाही. नाहीतर थोरल्या भावावर हात उचलल्याचं पाप त्या संध्याकाळी माझ्या पदरी पडलं असतं.