नाव उच्चारण्याचा नियम

आईला जाऊन सतरा दिवस झाले, तरी फोनमधून ती शेळ्यांच्या औषधाची माहिती सांगतच होती.

यानेरिसची चार वर्षांची पोर आवाज ऐकून झोळीमागे, चुलीमागे पाहून आली. "आई, आजी कुठं लपलीय?"

अंगणातून मामा ओरडले, "बंद कर ते! माझ्या बहिणीला सुखानं जाऊसुद्धा देत नाही तुमचं शिक्षण."

"माझ्या फोनमधून काढीन, मामा. पण सगळ्या वस्त्यांवर लोक ऐकतात."

"मग सांग ना तुझ्या ऑफिसला. संमतीच्या कागदावर तिचा अंगठा तूच घेतलास."

खरं होतं. आपल्या भाषेत बोलणाऱ्या यंत्रासाठी यानेरिसनंच आईचा आवाज भरून घेतला होता. लोकांचे आवाज कुणी, कसे वापरावेत याची साऱ्या प्रदेशासाठी नियमावली झाली, त्यातलं आवाज परत घेण्याचं पानही यानेरिसनंच लिहिलेलं. परक्यानं लबाडी करू नये, म्हणून अर्ज रक्ताच्या माणसानंच करायचा. लिहिता न येणाऱ्यांची सोय म्हणून, गेलेल्याचं नाव तोंडानं उच्चारायचं.

आणि इथं ला ग्वाहिरात, तिच्या जमातीत, गेलेल्याचं नाव घरच्यांच्या कानावर कुणी पडू देत नाही; तो घरच्यांवर घावच मानतात. तिला का हे ठाऊक नव्हतं? पण लिहिताना तिच्या घरी कुणी मेलं नव्हतं.

तिनं ऑफिसातल्या मैत्रिणीला, मारेलविसला फोन लावला.

"मी घेते की नाव," मारेलविस म्हणाली. " मी कुठं तुमच्यातली!"

"म्हणूनच चालत नाही. रक्ताचंच माणूस लागतं."

"कुठल्या शहाणीनं लिहिलं गं हे?" मग मारेलविसच्या लक्षात आलं, लिहिणारी हीच. "बदल सुचव. नियमावलीची बैठक चार महिन्यांनी आहे."

चार महिने आई अशीच बोलत राहणार.

"आत्ताच नोंदव," यानेरिस म्हणाली. फोन घेऊन ती निवडुंगाच्या कुंपणापलीकडे दूर गेली. इथं ऐकणारं कुणी नव्हतं. तिनं आईचं नाव घेतलं. पलीकडे नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा एकदा, स्पष्ट.

"झालं," पलीकडून मारेलविस हळूच म्हणाली. "बंद केला आवाज."

यानेरिस डोळे पुसून वळली. मागे पोर उभी होती, अनवाणी. आजीला नाव असतं, हे तिला आजच कळलं होतं. आता तरी आजी सापडेल, म्हणून ती अंगणाकडे धावत सुटली, त्याच नावानं मोठमोठ्यानं हाका मारत.

मामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.