बुरुजातली माती

माझ्या सुनेनं, सायलीनं, पहिल्यांदाच एकटीच्या हातानं बिदरीची सुरई केली. जस्ताच्या अंगावर छिन्नीनं वेल कोरली, खाचेत चांदीची तार ठोकून बसवली. आता सुरई काळी करायची होती. जस्त काळं पडलं की चांदी उठून दिसते. तोवर सगळं एकसारखं राखाडी. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. पसंत पडली तर पुढचं काम सायलीच्या नावानं मिळणार होतं.

काळं करायला नवसागर लागतो आणि ऊन-पाऊस न पाहिलेली जुनी माती. आमच्या घराण्यात ती दौलताबादकडच्या एका गढीच्या बुरुजातून आणतात. बुरुजाच्या पोटात अंधारी खोली आहे. तिच्या भिंती खरवडायच्या, चिमूट जिभेवर ठेवायची, खारट-तुरट लागली की पिशवी भरायची. तिथं मेंढरं बसवणारा मुंजाबा आम्हाला बघून दर वेळी म्हणायचा, "आले बगा बुरूज खायला."

त्या सकाळी मी आणि सायली गेलो तर बुरूज नव्हता.

तटाची भिंत दोन्ही बाजूंनी उभी होती. मधे मातीचा ढीग, त्यात दगड. धूळ अजून खाली बसली नव्हती. मुंजाबा दगडावर बसला होता.

"मंजुळाबाई?" मी विचारलं. त्याची बायको दुपारपर्यंत त्याच सावलीत असते.

"पाण्याला गेलीया. चार मेंढरं हायेत खाली."

खोलीची निम्मी भिंत अजून उभी होती, उघड्यावर. तिच्यावर आमच्या खुरप्यांचे ओरखडे होते. एकावर एक, पार आतपर्यंत. एवढी जाड भिंत, जागोजाग हाताच्या वितीएवढी उरली होती. माझ्या बापाचा डावखुरा, तिरका ओरखडाही मला ओळखू आला.

सायली हळूच म्हणाली, "मामा, हे आपणच?"

मुंजाबा उठला, ढिगातली मूठभर माती त्यानं माझ्यापुढं धरली.

"घ्या की. आता खरवडायचंबी काम नाय."

सवयीनं मी चिमूट जिभेवर ठेवली. इतकी चांगली माती मी कधी चाखली नव्हती. ती गिळवेना आणि त्याच्यासमोर थुंकवेना.

सायलीनं रिकामी पिशवी घडी करून पदरात खोचली आणि मेंढरांवरचे दगड उचलायला लागली. मीही लागलो.

संध्याकाळी गिऱ्हाईकानं राखाडी सुरई उजेडात फिरवून पाहिली.

"यावर नक्षी कुठंय?"

सायलीनं त्याचं बोट धरून वेलीवरून फिरवलं. त्यानं सुरई खाली ठेवली आणि चपला घातल्या.