सांगलीला, दर्शनाला म्हणून

खट्.

न्हाणीघराची कडी आतून लागली आणि घरातली सकाळची शांतता तिथंच संपली. क्षमाची तव्यावरची पोळी उलटायची राहिली. स्वानंदी आत गेली होती. म्हणजे दप्तर भरून झालं होतं, म्हणजे आता पोट दुखणार होतं.

"स्वानंदी, रिक्षा येईल गं!"

"पोटात दुखतंय."

रविवारी न दुखणारं आणि मे महिन्यात तर नावालाही न दुखणारं हे पोट साताऱ्यातल्या दोन डॉक्टरांनी दाबून पाहिलं होतं. जंतांचं औषध झालं, ओवा-हिंग झालं. भांडी घासायला येणाऱ्या बनुबाईनं तर पोरीला चटईवर निजवून बेंबीच बसवली. "वैनी, बेंबी सरकलीया, दुसरं काय न्हाई," ती म्हणाली, आणि बी.एस्सी. झालेल्या क्षमानं मान डोलावली. शास्त्र तिनं पदवीबरोबरच ट्रंकेत ठेवलं होतं.

खरं दुखणं तिला ठाऊक होतं, पण ते तोंडावर आणायची लाज वाटे. स्वानंदी तिसरीत होती आणि तिला वाचता येत नव्हतं. तोंडानं गोष्ट सांग म्हटलं तर घर डोक्यावर घेणारी पोर, पुस्तक उघडलं की मुकी. त्यातून क्षमा संध्याकाळी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची! क्षमाताईंकडे घातलं की दगडही वाचायला लागतो, असं लोक म्हणत. 'आणि माझ्या पोटी मात्र हा धोंडा,' असं एकदा ती रागाच्या भरात बोलूनही गेली होती. वर आपल्या वाक्यावर खूश झाली होती.

नवरा, अवधूत, कोयनानगरला धरणावर नोकरीला; घरी रविवारपुरता. तिकडं जमीन हलली तरी त्याची झोप मोडत नसे, मुलीच्या वाचनानं काय मोडणार? "येईल गं तिला. मी तरी कुठं हुशार होतो?" तो म्हणायचा, आणि सासूबाई आतून ओरडायच्या, "होतास!"

मग एकदा वेणी घालताना कानामागं टक्कल दिसलं, रुपयाएवढं. "चाई लागलीया," बनुबाई म्हणाली. क्षमानं माक्याचं तेल आणलं. वाटी घेऊन लेकीजवळ बसली आणि बसलोच आहोत तर धडाही होईल म्हणून पुस्तक उघडलं. वेळ वाया घालवणं तिच्या रक्तात नव्हतं.

पहिलं जोडाक्षर आलं तसं स्वानंदीचं बोट कानामागं गेलं. एक केस गुंडाळला, खेचला. पुढचं जोडाक्षर, पुढचा केस. चेहऱ्यावर काही नाही. तेलाची वाटी मांडीवर कलंडली तरी क्षमाला कळलं नाही.

"दुखत नाही गं तुला?"

"हे बरं दुखतं," स्वानंदी म्हणाली.

मुलांच्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. पण साताऱ्यात? छे! इथं राजवाड्याजवळ शिंकलं तर पोवई नाक्यावर पडसं झाल्याची बातमी पोचते. म्हणून सांगली. सासूबाईंना सांगितलं, गणपतीच्या दर्शनाला जाऊन येतो. खोट्यात देवालाही ओढलं. एस.टी.त तिनं डोक्यावरून पदर असा काही घेतला होता की कंडक्टर म्हणाला, "आजी, जरा सरका."

दवाखान्यात मान खाली घालून ती बाकावर टेकली. शेजारी कोण? स्वानंदीच्या वर्गशिक्षिका, साबळेबाई! त्याही साताऱ्याहून सांगलीला लपायलाच आलेल्या.

"अगंबाई, तुम्ही?"

"मी... भाचीला घेऊन आलेय," बाई म्हणाल्या. भाचीचा कुठं पत्ता नव्हता. "आणि तुम्ही?"

"आम्ही दर्शनाला," क्षमा म्हणाली.

मग बाईच हळूच म्हणाल्या, "झोप लागत नाही हो मला." आईमागं लपलेल्या स्वानंदीनं तेव्हा प्रथमच बाईंकडे मान वर करून पाहिलं.

डॉक्टर स्वानंदीशी पुष्कळ बोलले, मग तिच्यासमोरच क्षमाला म्हणाले, "डोकं उत्तम आहे हिचं. फक्त अक्षरं हिच्याशी नीट वागत नाहीत. काहींची घडणच तशी असते. आळस नाही, हिची चूक नाही, तुमचीही नाही. पण रोज रोज हरलं की मूल मनातून खचतं, आणि ते दुखणं वेगळं. आधी ते बघू. वाचनाची तपासणी पुण्याला करून घेऊ. तोवर गोष्टी तुम्ही वाचायच्या, हिनं नुसत्या ऐकायच्या."

"किती दिवसांत होईल?" क्षमानं विचारलं, जणू सहामाही तोंडावर आली होती.

"तुम्हाला धीर धरता येईल तितक्या," डॉक्टर हसले.

परतताना तिनं स्टँडवर पेढे घेतले. देवळाकडे न फिरकताच प्रसाद झाला. गाडी सुटल्यावर ती स्वानंदीच्या कानाशी लागली, "आजींना सांगायचं, देवळात खूप गर्दी होती. आणि बाई भेटल्या, ते तर मुळीच बोलायचं नाही."

स्वानंदी पेढा चघळत होती. दुसरा हात मांडीवर होता, शांत.

"आई, माझी चूक नाही ना?"

"नाही गं राणी."

"तुझी?"

"डॉक्टर म्हणाले ना, नाही."

"आणि बाईंची?"

"त्यांचीही नाही. कुणाचीच नाही."

स्वानंदीनं जरा विचार केला.

"मग आपण सगळे लपून का आलो?"