सृष्टीची चाल

सृष्टीला सॅक्सोफोन उभं राहून वाजवता येत नव्हता. बसूनही नाही. चालत असली, की मात्र असा वाजवायची की ऐकणाऱ्याच्या पायांत चपला आपोआप याव्यात.

दोष द्यायचाच तर तिच्या शिक्षणाला द्यावा. वडील नागोराव पुसदहून मांजरीला आले ते एक क्लॅरिनेट आणि चार भाऊबंद घेऊन. इथे त्यांनी लग्नाचा बँड काढला. बँडचे सॅक्सोफोनवाले कचरूकाका हे सृष्टीचे गुरुजी, आणि उसाच्या मधून जाणारा कच्चा रस्ता हा तिचा क्लास. दोन खोल्यांच्या घरात एवढं पितळ घुमायला लागलं की शेजारी भिंत ठोकायचे. म्हणून काका तिला घेऊन रोज सकाळी चालत सुटायचे. डाव्या पावलाला श्वास भरायचा आणि पुढची सात पावलं तो पुरवायचा, हा पहिला धडा. दुसरा धडा नव्हताच.

“काका, चाल विसरले,” ती मध्येच म्हणायची.

“मंग चाल! पाय हालले का चाल आठोते.”

गाण्याची चाल आणि पायांची चाल यांना एकच शब्द आहे, याचं सृष्टीला म्हणूनच कधी नवल वाटलं नाही.

ती तेवीस वर्षांची असताना सहकारनगरातल्या एका वरातीत घोडी फटाक्यांना बिचकली आणि भर रस्त्यात अडून राहिली. गूळ झाला, चणे झाले, नवरदेवाच्या मामांनी कानात समजावून झालं. घोडी ढिम्म. सगळी वरात थांबली, पण थांबून वाजवणं सृष्टीच्या हातात नव्हतं. ती घोडीभोवती फेऱ्या मारत राहिली आणि एकच चाल वीस मिनिटं उलटीपालटी करत राहिली.

फेटा सावरत एक वऱ्हाडी धावत आला. हा राजस, नवरदेवाचा आतेभाऊ. सोमवार ते शुक्रवार आयटी, शनिवार-रविवार जॅझ पियानो.

“तुम्ही इम्प्रोवाइज करत होता! एकदम जॅझ!”

“नाही हो,” सृष्टी म्हणाली, “वेळ काढत होते.”

राजसने तिला जॅझ समजावून सांगितला. पाऊण तास. तिला त्यातून कळलं ते असं, की चाल सगळ्यांना ठाऊक असते आणि घोडी हलेपर्यंत ती ज्याने त्याने आपापल्या परीने फिरवायची असते. म्हणजे हे आपल्याला येतंच की! आमच्याबरोबर वाजवशील का, असं त्याने विचारल्यावर ती आनंदाने हो म्हणाली.

राजसच्या चौकडीत जागा रिकामी होती, कारण त्यांचा सॅक्सोफोनवाला आमोद कंपनीच्या कामाला सहा महिने जर्मनीला गेला होता. पहिला सराव राजसच्याच फ्लॅटवर. माणसाएवढ्या उंच बेसमागे तनुजा, ड्रमवर धम्मदीप. राजस म्हणाला, “आता तनुजा वॉक करेल. तू वर सोलो घे.”

इथेही चालतात तर! सृष्टीचा जीव भांड्यात पडला. हॉलमधून ती पॅसेजमध्ये गेली, तिथून स्वयंपाकघरात. ओट्याशी राजसच्या आई गवार निवडत होत्या. श्यामलाकाकू, निवृत्त गणिताच्या बाई. त्यांनी मान वर केली.

“चहा हवा असला तर तोंडाने मागायची पद्धत आहे आमच्याकडे.”

बेसचे चार ठोके एकामागोमाग एक सरळ चालत जातात, त्याला वॉक म्हणतात, माणूस असतो जागेवरच, असा खुलासा झाला.

“मग वॉक कशाला म्हणायचं?” सृष्टीने विचारलं.

मग राजसने तिच्या पायांखाली पायपुसणं टाकलं. यावरून हलायचं नाही. पायपुसण्यावर उभ्या सृष्टीच्या सॅक्सोफोनातून कुकरची शिट्टी होता होता राहावी तसा आवाज आला. बिनवायरचा माइक लावून पाहिला, तर ती जिन्यात गेली आणि तिचा सोलो दुसऱ्या मजल्यावर संपला. तिथल्या बिऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या, ते सोडा.

“पियानो खाली, तू वर. याला चौकडी म्हणत नाहीत,” राजस वैतागून म्हणाला. “हे बघ, सृष्टी. तू वाजवतेस ते आमोदला सात जन्मांत येणार नाही. पण आपण स्टेजवर वाजवतो, रस्त्यावर नाही. या रविवारच्या कार्यक्रमात माइकसमोर एका जागी वाजवून दाखव, जागा कायमची तुझी. नाहीतर पुढच्या महिन्यात आमोद येतोच आहे.”

सृष्टीने मान हलवली. तिला ही जागा इतकी हवी होती की हवी म्हणतानासुद्धा तिने जागच्या जागी दोन पावलं टाकली.

ती दोन पावलं श्यामलाकाकूंनी पाहिली.

“तिला चालायचंय, तुला ती एका जागी हवी आहे. सोपं गणित आहे,” त्या म्हणाल्या. बाल्कनीत जाऊन त्यांनी ट्रेडमिलवरचे टॉवेल, परकर आणि दोन चादरी उचलल्या. “हे चालायचंच यंत्र आहे म्हणे. दुकानदार तरी तसंच म्हणाला होता.”

सृष्टी चढली. पट्टा सुरू झाला. डावं पाऊल, श्वास, आणि मग असा काही सूर सुटला की धम्मदीपच्या हातातली काठी पडली.

रविवारी सकाळी साडेनऊला एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम. ट्रेडमिल नागोरावांच्या बँडच्या टेम्पोतून आली. त्यांना तशीही दुपारी बाराची वरात होती, तिथून दोन गल्ल्यांवर. बँडचे लोक लाल कोट घालून बाहेर चहा पीत थांबले. स्टेजवर माइक, माइकसमोर ट्रेडमिल.

“व्यायामाचं प्रात्यक्षिक आहे का?” पहिल्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं.

“तिकिटावर जॅझ लिहिलंय,” शेजारचे म्हणाले. “काय असेल ते बघू. नाश्ता करूनच आलोय.”

पहिल्या दोन गाण्यांना आजोबा मान डोलवत होते. तिसऱ्यात सृष्टीचा मोठा सोलो. तिने वेग एक खटका वाढवला, आणि ट्रेडमिल, पियानो, स्पीकर आणि हॉलचे अठरा पंखे मिळून फ्यूज उडवून मोकळे झाले. माइक मेला. राजसचा इलेक्ट्रिक पियानो मुका झाला. पट्टा जागीच थबकला, आणि सृष्टी थबकली नाही.

पुढचं पाऊल स्टेजच्या पायरीवर पडलं. माइक सुटला, म्हणजे जागा गेली, हे तिला कळलं. पण श्वास नुकताच भरला होता. आणखी सहा पावलांचा ऐवज छातीत होता, तो वाया कसा घालवायचा? ती खाली उतरली आणि खुर्च्यांमधल्या वाटेने चालू लागली. जो सॅक्सोफोन फटाके आणि हॉर्न यांच्यावर मात करायला शिकलेला, त्याला माइक कशाला? हॉल भरून गेला. मागे तनुजा आणि धम्मदीप थांबलेच नाहीत. त्यांना विजेची गरजच नव्हती.

“खाली बसा हो, दिसत नाही!” आजोबा मागे वळून उभ्या राहिलेल्यांवर ओरडले, आणि स्वतःच उठून तिच्यामागे निघाले. मग रांगच्या रांग निघाली.

दाराशी नागोराव होते. समोरून वाजवणारं कुणी आलं की त्यांना एकच गोष्ट सुचायची. “रस्ता द्या, बाप्पा, रस्ता द्या!” त्यांनी दोन्ही दारं उघडली. बाहेरच्या लाल कोटवाल्यांनी चहाचे कप ठेवले आणि वाद्यं उचलली. धम्मदीप गळ्यात ड्रम अडकवून पोचला. तनुजा बेस मिठीत घेऊन दारापर्यंत आली आणि तो तिथे टेकवून जोरजोरात टाळ्या वाजवू लागली.

सगळ्यांत शेवटी राजस धापा टाकत आला. त्याला पाहून सृष्टीने पावलांचा वेग वाढवला. आता हा थांब म्हणणार.

“मी... मी काय वाजवू?” राजस म्हणाला.

“साहेब, रिकामे काहून फिरता?” नागोराव म्हणाले. “आमचा कॅसिओ घ्या ना. जनरेटर चालू हाये.”

बँडची गाडी ढकलत ढकलत रस्त्यावर आली. तिच्यावर कर्णे, जनरेटर आणि कॅसिओ. राजसने चालता चालता पट्ट्यांवर हात टाकला. एक पाऊल पडलं की बोट भलत्याच सुरावर. दुसरं पडलं की तिसऱ्याच.

सृष्टीने डाव्या पावलाला श्वास घेतला तो वाजवण्याऐवजी बोलण्यात खर्च केला. “आणि आमोद?”

“आमोदला,” राजस घामाघूम होत ओरडला, “चालता कुठे येतं! जागा तुझी! फक्त मला... अगं, हे जमायचं कसं?” आणि तो थांबायला लागला.

“राजस, थांबू नकोस!” गर्दीतून श्यामलाकाकू गरजल्या. “चाल!”

“कुठली चाल?”

“दोन्ही!”

बाराची वरात पावणेअकरालाच मंगल कार्यालयाशी पोचली, दीडशे तिकीटवाल्यांसकट. अर्ध्या दाढीला फेस लावलेला नवरदेव गॅलरीत आला आणि घाबरून ओरडला, “अहो, अजून वेळ आहे!”

सृष्टीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, हसली, आणि डावं पाऊल टाकलं. वेळ काढणं तिला येतच होतं.