मोकळे हत्ती

सोलापूरच्या चाटी गल्लीत चनमल्लप्पांचं चादरींचं दुकान होतं. अठ्ठ्याहत्तर सालच्या सुरुवातीला ते दुकानातल्या दुकानातच दोनदा अडखळून पडले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. "कडेची नजर गेलीय, ती परत यायची नाही. समोरची औषधानं जपायची. किती दिवस टिकेल, ते मात्र सांगता येत नाही."

घरी येऊन चनमल्लप्पा नेहमीसारखे जेवले आणि हात धुताना बायकोला म्हणाले, "गुरम्मा, मला हत्ती बघायचेत. मोकळे."

चादरी न्यायला येणाऱ्या दिल्लीच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना हिमालयाच्या पायथ्याच्या कॉर्बेट उद्यानाबद्दल सांगितलं होतं. भोवती डोंगर, मधून वाहणारी रामगंगा आणि संध्याकाळी पाण्यावर येणारे हत्तींचे कळप. चनमल्लप्पांनी तोवर हत्ती बघितला होता तो देवळापुढचा, साखळीतला.

मुलगा शिवयोगी समजूत घालू लागला. "अप्पा, एवढ्या लांब जायचंच तर काशीला जाऊ की. न्हायतर श्रीशैल हाय."

"देव डोळे मिटूनबी दिसतो. हत्ती न्हाय दिसत."

शिवयोगीला लग्नसराईत दुकान सोडता येत नव्हतं, आणि पावसाळ्यात ते जंगल बंद असे. पुढच्या साली नेतो, असं तो म्हणाला.

मग गुरम्मा म्हणाल्या, "मी नेते त्यांना."

माहेर मैंदर्गी, सासर सोलापूर. त्यापलीकडं त्या फारशा गेल्या नव्हत्या. शिक्षण चौथीपर्यंत. पण हिंदी पाट्यांची अक्षरं मराठीसारखीच असतात, आणि बोलायला गल्लीतली हिंदी होतीच. जंगलातल्या विश्रामगृहाला शिवयोगीनं पत्र लिहिलं. खोली मिळाल्याचं उत्तर आलं तशी गुरम्मांनी तयारी सुरू केली.

एका दुपारी त्या नवऱ्याला घेऊन स्टेशनवर गेल्या. गर्दीतून त्यांना कसं न्यायचं, ते आधी करून बघायचं होतं. फलाटावर चनमल्लप्पांनी हात सोडवून घेतला आणि चार पावलांवर एका ट्रंकेला धडकले.

"आंधळा न्हाय झालो मी अजून," ते चिडून म्हणाले.

"न्हाईच. पण दिल्लीत तुमी हरवला तर मी कुणाला विचारू?"

दोघं बाकावर बसले. मद्रासकडची गाडी आली, गेली. मग उठताना चनमल्लप्पांनी आपणहून हात पुढं केला.

एप्रिलमध्ये ते निघाले. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिल्लीपर्यंत पुरली. तिथं गाडी बदलून रामनगर आणि पुढं बसनं जंगल. पहिल्या संध्याकाळी मचाणावरून नुसतं गवत आणि धूळ. रात्री चनमल्लप्पा जेवले नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी ते पुन्हा मचाणावर बसले. कळप उजव्या बाजूच्या झाडीतून बाहेर आला. चनमल्लप्पा समोर नदीकडंच बघत होते. गुरम्मांनी त्यांच्या हनुवटीला हात लावून मान हळूच वळवली.

"दिसले?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. कळप सावकाश पाण्यात उतरला.

"त्या मोठ्या हत्तिणीच्या पोटाखाली बघ," चनमल्लप्पा हलक्या आवाजात म्हणाले. "पिल्लू हाय."

गुरम्मांना ते तोवर दिसलंच नव्हतं.