कठड्यावरचे शर्ट

कंट्रोल रूममधले सगळे तिला पुस्तकवाली म्हणत. शहराला पाणी पुरवणाऱ्या त्या केंद्रातलं प्रत्येक बटण काय करतं, कधी दाबायचं आणि कधी नाही, हे नेमक्या वाक्यांत लिहून काढणं एवढंच तिचं काम होतं. वाचणारा माणूस नव्हता. संगणकातला एक एजंट तिची पानं वाचून स्वतःच दरवाजे उघडणार, पंप चालवणार होता.

"एजंट म्हणजे विमा उतरवणारा का गं?" ऑपरेटरकाकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "मग आधी माझा उतरव म्हणावं. माझ्याच खुर्चीवर डोळा आहे त्याचा."

काकांची त्या खुर्चीत एकतीस वर्षं गेली होती. तीन आठवडे ती वही घेऊन त्यांच्या शेजारी बसली. गाळटाक्यांच्या दरवाजांचं पान लिहिताना तिने नेहमीचा प्रश्न विचारला, "दाबण्याआधी काय करता?"

"काय करणार? दाबतो."

"आधी काहीच बघत नाही?"

"पाणी चढलंय का आणि टाकी रिकामी आहे का, एवढंच. दोन्ही समोर दिसतंय की!"

जुन्या माहितीपत्रकात तिथे 'योग्य ती काळजी घ्यावी' असं होतं. ते तिने खोडलं. योग्य म्हणजे काय, हे यंत्राला कसं कळणार? तिने लिहिलं : 'पातळी वाढल्यास रिकाम्या टाकीचा दरवाजा उघडावा. इतर तपासणीची गरज नाही.' स्वच्छ, कुठेही न अडखळणारं वाक्य. घरी जेवताना तिने ते दादाला वाचूनही दाखवलं. दादा त्याच केंद्रात गाळ काढणाऱ्या टोळीचा मुकादम. तो घास चावत म्हणाला, "तुझं ते यंत्र माझ्यापेक्षा शहाणं झालं तर मला सांग, मी त्याच्या हाताखाली काम करीन."

सोमवारी एजंटने पहिल्यांदा एकट्याने कारभार हातात घेतला. दहा वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर ओळ उमटली : 'जलाशयाची पातळी जास्त. टाकी तीन रिकामी. इतर तपासणीची गरज नाही. दरवाजा तीन उघडत आहे.'

"बघा काका, शब्दन् शब्द पाळतोय," ती म्हणाली.

काकांना करायला काही उरलं नव्हतं. तरी ते कमरेवर हात ठेवून उठले आणि चहाचा कप घेऊन खिडकीशी गेले. तीन आठवड्यांत एखादा दरवाजा उघडायच्या आधी निदान दहा वेळा तिने त्यांना असं उठताना पाहिलं होतं. बसून बसून गुडघे आखडत असतील, असं तिला वाटायचं.

कप फरशीवर फुटला.

"शर्ट!" काका ओरडले. ते धावत आले आणि भिंतीवरचं, सगळं थांबवणारं लाल बटण त्यांनी दोन्ही मुठींनी ठोकलं. "शर्ट आहेत गं कठड्यावर! माणसं आत आहेत!"

ती खिडकीशी गेली. खाली तिसऱ्या टाकीच्या कठड्यावर चार शर्ट वाळत घातल्यासारखे टांगले होते. चौथा निळ्या चौकड्यांचा. त्याचा खिसा रविवारी तिनेच शिवून दिला होता.

जिना कसा उतरली ते तिला नंतर आठवलं नाही. दरवाजा अर्ध्यावर थांबून परत मिटत होता, पण खालून गढूळ पाणी अजून मुसंडी मारत होतं. तिघे शिडीला लोंबकळत वर येत होते. दादा त्यांच्यात नव्हता.

"तिकडे! जाळीपाशी!" शिडीवरचा एकजण किंचाळला.

टाकीच्या पार टोकाला पाण्याने दादाला लोखंडी जाळीवर दाबून धरलं होतं. पाणी छातीपर्यंत. एक हात जाळीत अडकलेला, तोंड वर. तो हाक मारत नव्हता. दोरी टाकली ती तिने की दुसऱ्या कुणी, कोण जाणे. दरवाजा पूर्ण मिटला, पाणी शांत झालं, आणि दोघांनी मिळून त्याला ओढून वर घेतलं.

तो काठावर बसला. पायात बूट नव्हते. डावा हात कोपरापासून लुळा पडला होता. कुणीतरी चौकड्यांचा शर्ट त्याच्या खांद्यावर टाकला.

"कुणी उघडला?" त्याने विचारलं.

"यंत्राने," धापा टाकत खाली आलेले काका म्हणाले.

"अरे, शर्ट दिसत नव्हते का? एवढी वर्षं शर्ट टांगून उतरतोय आम्ही. कुणाला विचारावं लागलंय कधी?"

"मला दिसले रे," काका खाली मान घालून म्हणाले. "त्याला खिडकी कुठली?"

"मग तुम्ही हिला सांगितलं का नाही?"

"मी बघतो हे मलाच ठाऊक नव्हतं, मुकादम. देवाशपथ. हिने विचारलं, तर मी म्हटलं, दाबतो."

दादाने तिच्याकडे पाहिलं. "आणि तू? तू तर शेजारीच बसायचीस ना गं?"

ती बसायची. बघायचीही. दादाला गाडीत घातलं, तेव्हा ती त्याच्याबरोबर निघाली. त्यानेच चांगल्या हाताने तिला मागे ढकललं. "मी मरत नाही. ते यंत्र अजून चालू आहे का, ते बघ आधी."

ते चालूच होतं. तिने एजंट बंद करवला आणि गाळटाक्यांच्या दरवाजांचं पान उघडलं. वाक्य खोडून लिहिलं : 'हे दरवाजे एजंटने कधीही उघडू नयेत. रिकाम्या टाकीत माणसं असू शकतात. ती आहेत का, हे खिडकीतून कठड्यावरचे शर्ट पाहून कळतं आणि एजंटला खिडकीतलं दिसत नाही.'

मग तिने पानं मोजली. आणखी सोळा बटणं. सोळाही ठिकाणी तेच स्वच्छ वाक्य : 'इतर तपासणीची गरज नाही.'

"काका," ती म्हणाली. वही तिने बंदच ठेवली. "पंप खरा चालू करू नका, नुसती नक्कल करून दाखवा. तोंडाने काही सांगू नका. दारातून आत या आणि रोज करता तसं करा."

काका बाहेर गेले, दारातून आत आले आणि पंपाच्या बटणाकडे निघाले. वाटेत भिंतीलगतच्या पाइपवर त्यांनी बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली, क्षणभर मान तिरपी करून कान दिला आणि पुढे जाऊन बटणावर बोट ठेवलं.

"थांबा. हे काय केलंत?"

काकांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"कुठे काय केलं?"